रेस सोडल्यावर

पाय उचलला की आवाज यायचा. रेस दिलेली असेतो जीप निमूट चालत होती. तिऱ्ह्याचा पूल मागं पडला, रस्ता मोकळा झाला, बिरप्पानं सवयीनं पाय जरासा सैल केला आणि मागून, आपल्याच मणक्याच्या खालून आल्यासारखं, एक बारीक लांबलचक रडणं सुरू झालं. वेग उतरत गेला तसं तेही उतरत गेलं आणि एका जागी येऊन पुसल्यासारखं नाहीसं झालं. त्यानं पुन्हा रेस दिली. काही नाही. पुन्हा सोडली. पुन्हा तेच. शेजारी जीपचा मालक अमृत बसला होता. तो रोज मंगळवेढ्याहून माणसं भरून सोलापूरला आणायचा आणि गाडीच्या प्रत्येक कुरबुरीवर घरच्या माणसांपेक्षा जास्त लक्ष ठेवायचा. मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "आला बगा, काका. आला का न्हाय?" "टायरचा आसंल," बिरप्पा म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, पाय उचलल्यानं नव्हे, हे त्यानं आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना सुनावलं होतं, वर त्यांच्या अकलेवर हसलाही होता. अमृत काही हसला नाही. "टायर कसा आसंल काका, टायर तर दसऱ्याच्या आदीपास्नं हेच हायती," तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. चिडला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करताना लोक जसे बोलतात तसा तो बोलत होता, आणि बिरप्पाला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटत होती.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध ॲक्सलवर जो लोखंडी गोळा असतो त्याला गॅरेजमध्ये हौसिंग म्हणतात. आत थाळीएवढं दातेरी चाक असतं, तो क्राउन; आणि इंजिनाची ताकद पुढून घेऊन येणारा, मुठीएवढ्या तोंडाचा पिनियन त्याला फिरवतो. दोघं एकमेकांत नीट बसले तर आपल्या मागं काही फिरतंय हे माणसाला कळतसुद्धा नाही. केसाच्या जाडीइतकं इकडंतिकडं झालं तर रडतात. बिरप्पाची सगळी उमर ह्या गोळ्यात गेली. इंजिन बांधणारे सोलापुरात पैशाला पासरी, पण हौसिंगचं काम म्हटलं की लोक अक्कलकोटापासून अकलूजपर्यंतच्या गाड्या त्याच्या दारात आणून लावायचे. अमृतच्या जीपची बेअरिंग गेली होती. बिरप्पानं ती बदलली, जुनेच क्राउन-पिनियन परत बसवले, ऑइल भरलं, गाडी दिली. हातचा मळ. मग अमृत आवाजाची तक्रार घेऊन परत आला. बिरप्पानं पुन्हा खोललं, शेंदूर तेलात कालवून दातांना लावला, चाक फिरवून तो कुठं कुठं घासून गेलाय ते बघितलं, पिनियनच्या मागं पत्र्याच्या पातळ चकत्या घातल्या, काढल्या. गाडी ओढताना दातांची जी बाजू लागते ती सुरेख जुळली की सोडतानाची बिघडायची. सोडतानाची जुळवावी तर ओढतानाची बोंबलायची. पांघरूण तोकडं असलं की डोकं झाकताना पाय उघडे पडतात, तसं चाललं होतं. असं त्यानं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल आणि... इथवर आला की तो विचार थांबवायचा आणि पाना उचलायचा.

कारण गोष्ट नुसत्या आवाजाची नव्हती. श्रावणात मुलगा गुरुराज पुण्याहून आला होता. त्याच्या डोळ्यांदेखत बिरप्पानं एका गाडीचं जुनं ऑइल काढलं, खालचा बोल्ट आवळला, हात पुसले आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली. नवं ऑइल ओतायचं राहूनच गेलं. कोपऱ्यात न फोडलेला डबा गुरुराजला दिसला म्हणून तो ओरडत गेटपर्यंत पळाला आणि इंजिन वाचलं. निघताना गुरुराज चपला घालता घालता म्हणाला, "अप्पा, एकदा डॉक्टरला दाखवू या." "तुज्या डॉक्टरला म्हणावं, आदी एक हौसिंग बांदून दाव," बिरप्पा म्हणाला. "बरं, डॉक्टर राहू द्या. पण अजून एक चूक झाली, तर गॅरेजला कुलूप. तुम्ही आणि अव्वा पुण्याला. कबूल?" बिरप्पा रागाच्या भरात कबूल म्हणाला. भुवनेश्वरी, त्याची बायको, दारात दह्याची वाटी घेऊन उभी होती, तिनं ते ऐकलं. म्हणजे आता हा आवाज कुणाचा ते ठरायचं होतं. गाडीचा असेल तर काही प्रश्न नव्हता. गाड्या बिघडतात म्हणून तर गॅरेज असतं. पण त्याच्या हातांचा असेल, हातांना सांगणाऱ्या डोक्याचा असेल, तर सगळंच संपलं. गुरुराजला त्यानं अजून काही कळवलं नव्हतं. फोनवर तो "काम लई हाय" एवढंच सांगत होता.

परतताना त्यानं गाडी उतारावर न्यूट्रलला टाकून पाहिली. आवाज बारीक झाला, पण गेला नाही. म्हणजे गिअरबॉक्सचा नव्हता, मागचाच होता. हे त्याला आधीच माहीत होतं, तरी करून पाहिलं. दोन्ही बाजूंना शाळूची पेरणी चालली होती. काळी जमीन उन्हात तेलकट दिसत होती. अमृत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, आणि बिरप्पाच्या मनात विजापूर वेशीतलं नबीसाबांचं गॅरेज उघडलं. त्याला काम शिकवणारे उस्ताद नबीसाब जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ते गाडीखाली कधी लगेच जायचे नाहीत. मालकाला स्टूल द्यायचे, चहा सांगायचे आणि विचारत बसायचे. "गाडी रोती तो पैले पूछना, कब रोती. खींचते वख्त रोती, की छोडते वख्त." त्यांच्या बोटांना कायम ग्रीस आणि अत्तराचा मिळून एक वास असायचा. "खींचते वख्त तो कोई बी रोता. छोडते वख्त जो रोती ना, उसकू ध्यान से सुनना." बिरप्पाला त्यांचा पांढऱ्या दाढीतला एक काळा राहिलेला केस दिसला, चहाच्या बशीवरची निळी वेल दिसली, बशीला गेलेला तडासुद्धा दिसला. इतकं लख्ख आठवतंय त्या माणसाला काय झालंय, असं त्याला वाटलं, आणि घटकाभर धीर आला. त्या धीरावर त्यानं मनातल्या मनात पान्यांच्या जोड्या म्हटल्या. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस, वीस-बावीस. विसाच्या जोडीला एकवीस नसतो, बावीस असतो. हे बरोबर आलं याचा त्याला एवढा आनंद झाला की तो स्वतःशीच हसला. अमृतनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा मोबाइलात घातली.

पण त्याची आई बसव्वासुद्धा सगळं म्हणून दाखवायची. माहेरच्या शिवारातल्या विहिरींची नावं, कुठलीचं पाणी गोड, कुठलीचं मचूळ, कुठल्या विहिरीत कुणाची म्हैस पडली होती. गावातली माणसं तिच्या आठवणीचं कौतुक करायची. आणि तीच म्हातारी गाय विकून वर्षं लोटली तरी सकाळी रिकाम्या गोठ्यात वैरण टाकून यायची. बिरप्पा एकदा गावी गेला तेव्हा गव्हाणीत वाळल्या कडब्याचा ढीग साठलेला त्यानं पाहिला. "अव्वा, गाय कुटं हाय?" त्यानं विचारलं. म्हातारीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की वेडा तोच. तिच्या नजरेत भीती नव्हती, गोंधळ नव्हता. तिला गाय दिसत होती. त्यानं मग कडबा उचलून शेजाऱ्याला दिला आणि आईला काही बोलला नाही. विसरणाऱ्याला आपण विसरलोय हे कळत नाही, मग मला भीती वाटते म्हणजे मी अजून शाबूत आहे, असा एक हिशेब त्यानं अलीकडं मांडला होता. हिशेब बरोबर दिसायचा, पण त्यात एक चकती कमी पडतेय असं त्याला सारखं वाटायचं. जुन्या नाक्यापाशी ट्रॅफिक लागली आणि रेस सारखी सोडावी लागली, तसा आवाज येत राहिला, जात राहिला.

होटगी रोडच्या आतल्या अंगाला गॅरेज होतं आणि मागच्या बाजूला घर. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग दिवसभर खडखडायचे. त्या खडखडाटात बिरप्पा गाडीचा एखादा सैल झालेला नट ओळखायचा, अशी त्याची ख्याती होती. निदान एके काळी तरी होती. अमृत उतरला, गाडीच्या मागच्या चाकाला पायानं उगाच टोचलं आणि म्हणाला, "काका, मी एश्टीनं जातो. उद्या येतो. खरं सांगा, हुईल न्हवं? न्हायतर..." "न्हायतर काय?" "न्हायतर दुसऱ्या कुणाला दावू का, म्हनत हुतो. तुमाला बी तरास." बिरप्पा म्हणाला, "हुईल." अमृत मान डोलवून गेला. दुसऱ्या कुणाला. ह्या गावात हौसिंगसाठी दुसरा कोण, हे विचारायची वेळ यावी! बिरप्पा तिथंच बॉनेटला टेकून उभा राहिला. ऊन पत्र्यावरून डोळ्यात येत होतं. आपल्याला संताप आलाय की रडू येतंय हे त्याला नीट कळेना.

"आला का आवाज?" भुवनेश्वरीनं आतून विचारलं. "आला." "इरली बिडरी," ती म्हणाली. घरात दोघांचं कन्नड-मराठीची खिचडी करून चालायचं, आणि राहू द्या म्हणायचं झालं की ती हेच म्हणायची. दूध नासलं तरी इरली बिडरी, दीर भांडून गेला तरी इरली बिडरी. तिनं भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं ठेवली. त्यानं भाकरीचा पापुद्रा काढला आणि तसाच ठेवला. "जेवा की." "गुरूचा फोन आलता?" "सकाळी आलता. कसं चाललंय इचारत हुता. बरं चाललंय म्हणलं." तिनं हे सांगताना तव्याकडं बघितलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला करमत नाही हे त्याला ठाऊक होतं. मागं राहिली तेव्हा पंधरवड्यात तुळशीसारखी सुकून आली होती. पण गॅरेज राहावं असं तिला वाटत होतं ते स्वतःसाठी नव्हे. हा माणूस पाना हातात नसला की कसा दिसेल, याची तिला धास्ती होती. ते ती बोलली नव्हती, तरी त्याला कळत होतं. बायकोच्या मनातलं कळतं, चाकाच्या मनातलं कळेनासं झालं.

हाताखाली आता कुणी टिकत नव्हतं, म्हणून अलीकडं तीच बत्ती धरायची, बोल्ट रॉकेलात घालायची, सुटे भाग धुवायची. तिला ते आवडायचं. ह्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिनं गॅरेज असं सजवलं होतं की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण बिरप्पाकडं नबीसाबांपासून चालत आलेली एक रीत होती. खंडेनवमीला जी गाडी खोललेली असेल तिचं पोटातलं सामानही पाटावर मांडायचं. नबीसाब त्या दिवशी स्वतः नारळ आणि झेंडूची पाटी आणून द्यायचे आणि लांब उभं राहून सांगायचे, "जिसका पेट खुला है, उसकू पैले रखो. उसकू लगना नै, अपन भूल गये." यंदा दोन जीपगाड्या खुल्या होत्या, दोन्ही एकाच जातीच्या. एक अमृतची, दुसरी श्रीपूरच्या एका मुकादमाची. भुवनेश्वरीनं दोन्हींचे क्राउन आणि पिनियन डिझेलनं धुतले, जुन्या लुगड्यानं पुसून लख्ख केले, आणि दोन पाटांवर क्राउन थाळ्यांसारखे आडवे ठेवून प्रत्येकाच्या मधोमध पिनियन समईसारखा उभा केला. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती. "कसं दिसतंय?" तिनं विचारलं होतं. जन्मभर त्या वस्तू हाताळलेल्या बिरप्पाला त्या पहिल्यांदाच इतक्या सुंदर दिसल्या होत्या, आणि तसं तो तिला म्हणालाही होता.

जेवण अर्धं टाकून तो उठला. मागची चाकं उतरवली, ऑइल काढलं, ॲक्सल ओढून काढले. भुवनेश्वरी बत्ती घेऊन आली. दुपारचं ऊन बाहेर होतं, पण गाडीच्या खाली कायमचा तिन्हीसांजेचा उजेड असतो. गोळा उघडला. ओळखीचा कडवट वास आला. त्यानं क्राउन बाहेर घेतला, मग पिनियन. दातांच्या बेचकीत अजून शेंदूर राहिला होता. तो चिंधीनं पुसत होता, पुसता पुसता पिनियनच्या तोंडावर अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं, आणि त्यानं सहज तो उजेडाकडं धरला. कारखान्यात क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासूनच तयार करतात, आणि जोडी फुटू नये म्हणून दोघांवर एकच नंबर कोरतात. ज्याचा त्याच्याशीच. परक्या जोडीतला कितीही चांगला असला तरी तो जन्मभर रडणार, आणि चकत्यांनी त्याचं रडणं फक्त या कुशीवरून त्या कुशीवर जाणार. पिनियनवर त्रेसष्ट होते. त्यानं क्राउनची कड पुसली. तिथं सत्तावीस होते. त्यानं दोन्ही परत पुसले, परत पाहिले. सत्तावीस आणि त्रेसष्ट. मागच्या वेळी खोललं तेव्हा चकत्यांच्या नादात त्यानं नंबराकडं बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"भुवना," तो म्हणाला, "हा पिनियन आपला न्हवं. श्रीपूरवाल्याचा हाय." तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं बत्ती खाली ठेवली आणि दोन्ही हात गालांवर नेले. "अगं बाई! मीच की हो! पूजेचं मांडताना मीच ह्याचा त्याला ठेवला आसंल. दोन्ही सारखंच दिसत हुतं की." त्यानं तिच्याकडं बघितलं. ती घाबरली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. आपल्या हातून चूक झाल्याचा इतका आनंद झालेलं माणूस त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "माजी चूक हाय," ती पुन्हा म्हणाली, हौसेनं दागिना घालून बघावा तशी. "तुमची न्हाय. तुमचा हात बरोबरच हाय." आणि मग त्यालाही ते कळलं. म्हणजे चकत्या बरोबर होत्या. शेंदूर खरं सांगत होता. ओढतानाचं जुळलं की सोडतानाचं बिघडायचं, ते तसंच व्हायला पाहिजे होतं. त्याच्या हातांनी एका अशक्य कामात जेवढं शक्य होतं तेवढं केलं होतं. छातीवरचा जॅक कुणीतरी सोडला. त्याला कडकडून भूक लागली. त्यानं ताटात ठेवलेली भाकरी आणायला सांगितली आणि गाडीशेजारी फरशीवर बसून काळ्या हातांनीच तो चटणीचा मोठा घास घेऊन जेवू लागला. मागांचा खडखडाटसुद्धा गोड वाटला. श्रीपूरवाल्याची गाडीही अशीच रडत असणार, बिचारा तो काही बोलला नाही अजून. त्यालाही बोलवू, दोन्ही खोलू, ज्याचं त्याला देऊ. तोंडातला घास चावता चावता तो पुढच्या आठवड्याची कामं मनात लावत होता. भुवनेश्वरीला मात्र दम निघेना. तिनं गुरुराजला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मोबाइल बॉनेटवर ठेवला.

तिनं सगळं एका दमात सांगितलं. अमृतची गाडी, आवाज, पुन्हा पुन्हा खोलणं, जे त्याच्यापासून लपवलं होतं तेही सांगून टाकलं, कारण आता लपवायचं कारण नव्हतं. "माजी चूक हाय, बाळा. पूजेला मांडताना जोड्या मीच बदलल्या. अप्पाचं कायसुदिक चुकल्यालं न्हाय." पलीकडं गुरुराज मोकळेपणानं हसला. त्याच्या हसण्यातही सुटल्याचा आवाज होता. तोही घाबरला होता तर, बिरप्पाला वाटलं, आणि पोराविषयी एकदम माया आली. "अव्वा, पुढच्या वर्षी पाटावर नावाच्या चिठ्ठ्या लाव," गुरुराज म्हणाला. मग, गॅरेजमध्येच वाढलेलं पोर ते, सहज म्हणाला, "पण मग बसवताना नंबर बघायचे राहिले म्हणायचे. अप्पा तर नंबर वाचल्याशिवाय कधी बसवत नाहीत." त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. पण भुवनेश्वरीला तो वाटला. नवऱ्यावर पुन्हा काही येतंय असं दिसताच ती पदर खोचून पुढं झाली. "राहिलं कसं? बगितलं की! पूजा उठल्यावर बसवलं तवा मी हितंच बत्ती धरून हुबी हुते. आदी क्राउन पुसला, म्हणाले सत्तावीस. मग पिनियन पुसला, उजेडाला धरला, म्हणाले सत्तावीस. मोठ्यांदा म्हणाले. वर मला म्हणाले, बग, जमलं जोडपं."

भुवनेश्वरी अजून मानेनं ठासून सांगत होती, आणि सांगता सांगता तिची मान हळू झाली. बिरप्पाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. समोर चिंधीवर पिनियन पडला होता आणि त्यावरचे त्रेसष्ट इतके ठसठशीत होते की आंधळ्यालाही बोटांनी वाचता आले असते. सत्तावीस आणि त्रेसष्ट. एकाचा दुसरा वाटावा असं त्यांत काही नव्हतं. आणि त्याला आठवत होतं. हेच सगळ्यात वाईट होतं. त्या दिवशीचा उजेड आठवत होता, पिनियनच्या तोंडावर राहिलेला कुंकवाचा डाग आठवत होता, तो डाग पुसल्यावर खाली चकाकणारे दोन आकडे आठवत होते, दोन आणि सात. धूसर नाही, अंदाजानं नाही. नबीसाबांची दाढी जशी दिसत होती तितकंच लख्ख. त्यानं ते वाचले होते. जे लोखंडावर नव्हतंच ते त्यानं उजेडात धरून मोठ्यांदा वाचलं होतं, आणि खूश झाला होता. बायकोनं जोडी बदलली, खरं. पण नेमकं अशाच वेळी पकडायचं म्हणून तर तो आकडा कोरलेला असतो. कुणाच्याही हातनं बदलली असती तरी पकडायचं त्याला होतं. भाकरीचा तुकडा त्याच्या हातातून फरशीवर पडला.

"मला मेलीला काय कळतंय आकड्यातलं," भुवनेश्वरी घाईनं म्हणाली. "दुसरंच कायतरी म्हणाले आसतील. का वाचलंच नसंल. व्हय, वाचलंच न्हाई, आत्ता आठवलं, अमृतचा फोन आलता तवा..." "अप्पा?" गुरुराज म्हणाला. "हितंच हाय." "अप्पा, असू दे. कुणाचंही होतं असं. आमच्याकडं मशीनवर तरणी पोरं रोज चुकतात." त्याचा आवाज फार मऊ झाला होता. अमृतचा झाला होता तसा. बिरप्पा उठला. त्यानं चिंधी घेऊन बोटं एकेक करून पुसली. राग येईल म्हणून वाट पाहिली, पण राग कुठून येईना. "शबुद दिलाय न्हवं तुला," तो म्हणाला. "श्रीपूरची गाडी मी बोलवून घेतो. चूक काय झाली ते दोगांला मीच सांगनार. पर बसवायला मानूस तू बग. माजा हात आता त्याला लागनार न्हाय." गुरुराज नुसतं "बरं अप्पा, मी रविवारी येतो," म्हणाला. फोन बंद झाला. मागांचा खडखडाट चालूच होता.

भुवनेश्वरी खाली बसून सांडलेल्या भाकरीचे तुकडे वेचत होती. वेचून झाले तरी बोटं फरशीवरून फिरवत राहिली. तिला काही बोलावं, तुझी चूक नाही म्हणावं, असं बिरप्पाच्या मनात होतं. पण मनात दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते विचारल्याशिवाय त्याला राहवेना. गुरू जन्मला ती सकाळ. सरकारी दवाखान्याचा हिरव्या रंगाचा दरवाजा, तिच्या कपाळाला चिकटलेले केस, आपल्या तळहातात तिचा गार घामेजलेला हात. आयुष्यात काम टाकून तो एकदाच कुठं गेला होता, तो तिथं. लख्ख दिसत होतं सगळं.

"भुवना," तो म्हणाला, "गुरू झाला तवा मी तितं हुतो न्हवं? तुज्याजवळ?"

"व्हय की," ती म्हणाली. "माजा हात धरूनच बसला हुता."

त्याचा प्रश्न पुरता संपायच्या आत ती म्हणाली. त्यानं वाकून तिच्या तोंडाकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर माया होती, दुसरं काहीच वाचता येत नव्हतं. ती खरं सांगत असेल. लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं. पण इथून पुढं तो जे जे विचारील त्याला ती व्हय म्हणणार होती, हे त्याला कळून चुकलं, आणि तिच्याखेरीज विचारायला त्याला दुसरं कुणी नव्हतं.